महिन्यावर की खेपेवर

बाबा दुसऱ्याचा ट्रक चालवायचे. गोंदियातल्या एका राइस मिलच्या सेठचा तो ट्रक, आणि तो तांदळाची पोती घेऊन नागपूर, रायपूर, जबलपूर असा फिरायचा. शाळेचा फॉर्म भरताना वडिलांचं मासिक उत्पन्न हा रकाना आला की मी पेन थांबवून बसायचे. लाज वाटायची म्हणून नव्हे, उत्तर खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून. नागपूरच्या खेपेचे दीडशे, रायपूरचे दोनशे, जबलपूरचे तीनशे. बाहेर राहिलेल्या दिवसाची खुराकी, म्हणजे जेवणाचा भत्ता, वेगळी. डिझेल मापून मिळायचं आणि त्यातलं वाचेल ते ड्रायव्हरचं, त्यामुळे बाबांचा पाय कधी जोरात पडला नाही. हे झालं येण्याचं. जाण्याच्या वाटा जास्त होत्या. माल उतरवताना पोतं हलकं भरलं की ती घट ड्रायव्हरच्या खेपेतून कापायची, मग तांदूळ चार दिवस उन्हात उभ्या गाडीत वाळून हलका का झाला असेना. रस्त्यात पोलिसांनी चालान फाडलं तर अर्धा दंड बाबांचा. उतरवायच्या लाइनीत दोन दिवस गेले तर खेप तेवढीच, दिवस गेले ते गेले. गाडी गॅरेजमध्ये असली तर काहीच नाही. मी दरवर्षी त्या रकान्यात मनाला येईल तो आकडा लिहायचे, आणि गुरुजीही तो मुकाट्याने घ्यायचे.

घर गोंदियाजवळच्या कामठ्याला. दोन खोल्या आणि पुढे सपरी, म्हणजे ओसरी. त्या सपरीत माय दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तेंदूचं पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज माझ्या सगळ्या लहानपणाच्या मागे चालू आहे. अभ्यास करताना, तापात पडलेली असताना, भांडताना. तिचंही तसंच. हजार विड्यांचा दर, आणि त्यातून ठेकेदार वाईट म्हणून मूठभर बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत, विड्या मात्र तो घेऊन जाणार. म्हणजे माय हजारावर आणि बाबा खेपेवर. पहिली तारीख नावाचा दिवस आमच्या घरात कधी उगवलाच नाही. शेजारच्या मास्तरांच्या घरी त्या दिवशी जिलेबी यायची आणि तिचा कागद त्यांची पोरं मुद्दाम आमच्या दाराशी टाकायची.

बाबा निघायचे त्या सकाळी माय पिशवी भरायची. तांदूळ, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आणि वेगळ्या डब्यात सुकसी, कारण त्या वाळल्या मासळीचा वास सगळ्याला लागतो. हॉटेलात जेवलं तर खुराकी संपली. रस्त्याच्या कडेला स्टोव्हवर भात टाकला तर खुराकी घरी आली. स्वयंपाक करायचा पुनाराम. क्लीनर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोरगा येतो. पुनाराम बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, सालेकशाकडच्या गावचा, केस पिकलेला माणूस. बाबांबरोबर त्याला अकरा वर्षं झाली होती. गाडी मागे घेताना टपावर थाप मारणं, दोर आवळणं, टायर बदलणं, पोती मोजणं हे त्याचं काम, आणि बाबांच्या खेपेच्या निम्मंही त्याला मिळत नसे. लायसन काढायचं दरवर्षी ठरायचं आणि दलालाला द्यायचे पैसे दरवर्षी कुठेतरी खर्च व्हायचे. मला तो नोनी म्हणायचा, त्यांच्याकडे मुलीला म्हणतात तसं. आमच्याकडे आला की रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि मिरची एवढंच मागायचा. माय त्याला रागवायची, "काऊन, ताजा भात तुले टोचते का?" आणि तो हसून ताटली पुढे करायचा.

मी अकरावीला कॉमर्स घेतलं आणि गोंदियाला एसटीने जायला लागले. घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, तेव्हा माझ्या डोक्यात किती हवा गेली असेल ते सांगायला नको. जमाखर्चाचा पहिला धडा झाला आणि मी एक वही घालून बाबांच्या खेपा लिहायला बसले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पावसाळ्यात धान शेतात असतं, मिल अर्धी झोपलेली असते, महिन्याला पाच-सहा खेपा. पाच महिन्यांची सरासरी अकराशेच्या वर जाईना. आणि सेठ त्याच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरला महिन्याचे दोन हजार सरळ द्यायचा, गाडी चालो की उभी राहो. मी दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ मारली आणि वही बाबांपुढे ठेवली.

"बाबा, तुम्ही महिन्यावर काऊन नाही जात?"

बाबांनी वही बराच वेळ पाहिली. आठवीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझं अक्षर त्यांना आवडायचं. मग म्हणाले, "सीझनचं मांडली का? दिवाळीनंतर धान येते, मंग खेपांवर खेपा असतात."

"सीझनचा पैसा घरात दिसते का कधी?" मी म्हटलं.

आणि ते खरं होतं, म्हणूनच घात झाला. सीझनमध्ये बाबा महिन्याला साडेतीन हजारांपर्यंत कमवत, पण ते पैसे दारातून आत यायच्या आधीच किराणावाल्याकडे जात, पावसाळाभर खाल्लेल्याचे. त्यामुळे सीझन म्हणजे काही कमाईचा काळ असतो हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला दिसायचा तो पावसाळा, आणि मी पावसाळ्याचाच हिशेब केला. बाबा मायकडे बघून म्हणाले, "पोरीनं शिकून मांडलं आहे. आपण कायले मधात बोला?" त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला आज नकोसा होतो.

सेठकडे रिवाज असा की दिवाळीला पूजा करून हिशेबाची नवी बही उघडली की एकेका ड्रायव्हरला गादीवर बोलवायचं, मिठाईचा डबा द्यायचा आणि विचारायचं, यंदा खेपेवर की महिन्यावर? जे बोलाल ते पुढच्या दिवाळीपर्यंत. कागद नाही, सही नाही, जबान. आम्ही बौद्ध, पूजेशी आमचं काही नव्हतं, पण डबा आणि जबान यांना बाबा दरवर्षी जायचे, आणि दरवर्षी खेपेवर म्हणून यायचे. त्या वर्षी महिन्यावर म्हणून आले. सेठने उठून हात मिळवला म्हणाले. सेठ उठून हात का मिळवतो, एवढं मला कॉमर्समध्ये शिकवलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत धान आलं. मिलचा भोंगा दिवसाला दोनदा वाजायला लागला आणि भुश्शाची धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर बसली. खेप द्यायची असली की सेठ दोनदा विचार करायचा, ड्रायव्हरला पैसे द्यावे लागतात म्हणून. आता बाबांच्या खेपेला वरून काहीच लागत नव्हतं. म्हणून पहिला नंबर बाबांचा. खेपेवरचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसलेले आणि बाबा नागपूरहून आले की लगेच रायपूर. महिन्याला अठरा, एकोणीस खेपा, आणि दोन हजार. इतर ड्रायव्हरांनी बाबांशी बोलणं कमी केलं, कारण त्यांच्या वाट्याच्या खेपाही बाबाच फुकटात ओढत होते. त्यात बाबांचा काही दोष नव्हता, पण ज्याचं पोट रिकामं तो दोष कुणाचा ते बघत बसत नाही.

घरी ते आठवड्यातून एकदा यायचे, दुपारच्या एसटीने, आणि सपरीत बसल्याबसल्या डोळे मिटायचे. एकदा माय त्यांना वाढून पाणी आणायला आत गेली आणि परत आली तर बाबांचा हात भातातच होता आणि मान पुढे पडलेली. वरण बोटांवर वाळायला लागलं होतं. मायने हलवलं तर त्यांनी दचकून दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग धरावं तसे. मायने माझ्याकडे बघितलं. मी वही घेऊन पुन्हा बसले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीच्या खेपा बाबांनी अर्धवट झोपेत सांगितल्या, त्या मांडल्या, आणि मला रडू आलं. पैसे तर बुडतच होते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दिवाळीला अजून नऊ महिने होते, आणि तोवर हा माणूस टिकेल असं मला वाटेना.

इथे थोडं थांबते. माझा भाचा नागपुरात मोबाईलवरून बोलावतात ती टॅक्सी चालवतो. त्याला सकाळी मोबाईलच सांगतो की आज अठरा सवाऱ्या केल्यास तर वरचे इतके मिळतील. तो म्हणतो सतरा झाल्या की सवारी लागतच नाही, कुणीतरी नळ बंद करावा तसं होतं. मध्येच मला विचारतो, मावशी, तू पतसंस्थेत हिशेबाचं काम करतेस, सांग ना, एखाद्या शाळेच्या बसवर महिन्याने लागू की हेच करू? मी त्याला चहा देते आणि दुसरं काहीतरी बोलते. तो समजतो मावशीला त्याच्या कामात रस नाही.

जानेवारीत एक दिवस मी कॉलेज बुडवून मिलमध्ये गेले. बाबा आणि पुनाराम नागपूरला गेलेले. गेटवरच्या मुनीमने कुणाची कोण विचारलं आणि आत सोडलं. सेठ पांढऱ्या गादीवर बसलेला, समोर तांदळाच्या नमुन्याच्या वाट्या. त्याला मी आजवर मनात फार शिव्या दिल्या आहेत, पण माणूस म्हणून तो वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मेश्राम की बेटी? बोल बेटा, क्या काम है?"

मी म्हटलं बाबांना परत खेपेवर घ्या. तो हसला. "तेरे बाप ने जबान दी है. दिवाळी तक की."

"जबान त्यांनी दिली, हिशेब माझा होता," मी म्हटलं आणि वही पुढे केली. "चूक माझी आहे. त्यांना कायले शिक्षा?"

सेठने वही घेतली. एकेक पान त्याने खरोखर वाचलं, बोटाने आकडे जुळवले. माझी लाल रेघ बघून म्हणाला, "बेरीज तो सही है. पर बेटा, दिवाळी के बाद का पन्ना तूने बाद में क्यों लिखा? ड्रायव्हर का साल तो वहीं से चालू होता है." मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि थोडा वेळ तांदळाच्या वाटीत बोट फिरवत बसला. "एक रास्ता है. कल से मेश्राम को खेप पे ले लेता हूँ. लेकिन क्लीनर का पैसा बंद. रोड अच्छा हो गया है, अकेला ड्रायव्हर चल सकता है. जा, बाप से पूछ के बता."

मी पुनारामचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. नंतर सुचलं असं म्हणायची सोय मला नाही. डोळ्यांपुढे बाबांचा भातातला हात होता, आणि खेपेचे आकडे होते, आणि पुनाराम त्या दोन्हींच्या आड येत होता. मी मनात म्हटलं, तो काय, कुठेही लागेल. अकरा वर्षं ज्याने आमच्या ताटलीत खाल्लं त्याच्याबद्दल मी असं म्हटलं.

"विचारायची गरज नाही," मी म्हटलं. "चालेल आमाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरी आले ते पिशवी न ठेवता उभेच राहिले. "पुनारामले काढलं सेठनं," ते मायला म्हणाले. "गाडी लावली, आन् मुनीमनं सांगतलं, उद्यापासून येऊ नको. काऊन काढलं ते कोणीच सांगून नाही रायलं. मले म्हनते, तू आता खेपेवर." मायची कात्री थांबली. तो आवाज थांबला की घर किती रिकामं वाटतं ते मला त्या दुपारी कळलं. मी भिंतीला टेकून उभी होते. लपवणं माझ्या स्वभावात नाही, त्याचं मी काही कौतुक सांगत नाही. मला लपवता येत नाही एवढंच. मी सगळं सांगितलं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूहळू खाली बसले, उकिडवे, आणि चपलेवरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"काल सौंदडच्या अलीकडे मले झोप लागली," ते म्हणाले. "नागपूरहून रिकामे येऊन रायलो होतो, उजेडीच. डोळे उघडे अन् झोप. गाडी धानाच्या बांधीत उतरून रायली होती. पुनारामनं वरून हात टाकून स्टेरिंग ओढलं. तो हाये म्हनून हे दोन महिने मी हाओ. रस्ताभर बोलते, गाणे म्हनते, मांडीवर चापट मारते. त्याले पैसे पोते मोजाचे भेटतात. जागं ठेवाचे कोनी देत नाही, तुया वहीत ते कुठं येनार?"

माय पदर तोंडाला लावून बसली. मी म्हटलं, "मले नाही माहीत होतं, बाबा."

"त्याले पोट आहे, हे त माहीत होतं न?" बाबा म्हणाले. त्या वाक्याला मी आजवर उत्तर शोधलेलं नाही, कारण ते आहेच, हो माहीत होतं.

ते जेवले नाहीत. पुढच्या सकाळच्या पहिल्या एसटीने मिलमध्ये गेले आणि सेठला म्हणाले, जबान जबान असते, मी दिवाळीपर्यंत महिन्यावरच आहे, माझा माणूस मला द्या. सेठला काय, त्याचा फायदाच होता. पण बाबांनी एक वरचं मागून घेतलं, की नागपूरहून आल्यावर एक रात्र घरी झोपल्याशिवाय पुढची खेप नाही. सेठने ते मान्य केलं आणि कधी पाळलं, कधी नाही. पुनाराम दोन दिवस त्याच्या गावी जाऊन बसला होता. बाबा स्वतः जाऊन त्याला घेऊन आले.

ते वर्ष कसंबसं गेलं. किराण्याची उधारी फिटली नाही आणि पुढच्या वर्षावर गेली. मायच्या विड्या हजाराच्या दीड हजार झाल्या आणि मीही कॉलेजातून आल्यावर सूप घेऊन बसायला लागले, कुणी सांगितलं नाही तरी. दिवाळीला बाबा पुन्हा खेपेवर गेले आणि अंगात जोर होता तोवर खेपेवरच राहिले. त्या सीझनने त्यांची कंबर धरली ती कायमची. नंतर क्लच दाबताना त्यांचा चेहरा बदलायचा. माझ्याशी त्यांनी एका शब्दाने हा विषय पुन्हा काढला नाही. माझी पतसंस्थेतली नोकरी लागली तेव्हा पहिला पगार मी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोनदा मोजला आणि विचारलं, "हे दर महिन्याले एवढेच येतील?" मी हो म्हटलं, तर त्यांना ते खरं वाटेना. जाऊन त्यांना आता सहा वर्षं झाली.

पुनाराम मामा अजून आहेत. वर्षातून एकदा येतात, कधी चारं, म्हणजे चारोळीची रानफळं, कधी कोवळे बांबूचे कोंब फडक्यात बांधून. ते मला काय समजतात ते मला त्याच वर्षी कळलं होतं. त्यांना परत घेतलं त्या दिवशी मुनीमने त्यांना सांगितलं होतं की मेश्रामची पोरगी सेठकडे आली होती, वही घेऊन बसली होती, म्हणून तुला परत घेतलं. मुनीमला अर्धंच माहीत होतं. पुनाराम मामा तसेच आमच्या घरी आले आणि सगळ्यांपुढे माझ्या पायांना हात लावायला वाकले. मी मागे सरले. बाबा सपरीत बसलेले होते, त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान दुसरीकडे केली. सांगायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी सांगितलं नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आधी भीती होती, मग लाज, मग इतकी वर्षं झाली की कुठून सुरू करावं ते कळेना.

मागच्या महिन्यात ते आले तेव्हा माझी मुलगी घरी होती. तिला जवळ बसवून त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, की ह्या नोनीनं सोळा वर्षांची असताना एकटीनं सेठसमोर बसून माझी भाकर परत आणली. मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उठून स्वयंपाकघरात गेले. मामांच्या ताटलीत भात वाढला, कांदा फोडला, मिरची ठेवली, आणि बाहेर येऊन त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "जेवा मामा." ते हात जोडून जेवायला बसले. पुनाराम मामांना वाचता येत नाही. हे सगळं मी लिहू शकले, त्याचं एक कारण तेही आहे.